चॅप्टर दोन आणि रेफरन्सचं टेबल

एम.एड. किंवा पीएच.डी. करणाऱ्या कुणालाही विचारा की थीसिसमधला सगळ्यात जड चॅप्टर कोणता, उत्तर येणार चॅप्टर दोन. संबंधित साहित्याचा आढावा. प्रस्तावना कशीबशी लिहून होते, पद्धतीचा चॅप्टर गाईड सांगतात तसा होतो, टेबलं आणि टक्केवारी कुणीतरी एक्सेलमध्ये काढून देतं, पण दोनमध्ये आपल्या आधी कुणी काय काम केलंय ते शोधायचं असतं, वाचायचं असतं आणि नेमकं तिथंच आपली माणसं अडतात. मग जवळच्या डीटीपी सेंटरवर मागच्या बॅचच्या कुणाच्या तरी थीसिसची सॉफ्ट कॉपी मिळते, त्यातले पंचवीस-तीस रिव्ह्यू जसेच्या तसे उचलले जातात, आणि ज्याच्याकडून उचलले त्यानेही ते असेच कुठूनतरी उचललेले असतात. एकाच संशोधकाच्या आडनावातली तीच ती टायपिंगची चूक मी वेगवेगळ्या वर्षांच्या प्रबंधांत बघितलीय. राग नाही येत, वाईट वाटतं. कारण त्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं की हे शोधायला मदत मिळते, तिला पैसे पडत नाहीत, आणि ती मदत करणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम आहे.

ते काम माझं आहे. खानदेशातल्या एका बी.एड. कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पुस्तक इश्यू करणं, रिटर्न घेणं, नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणारी, टीम यायची असली की अ‍ॅक्सेशन रजिस्टर, म्हणजे आलेल्या पुस्तकांची नोंदवही, पूर्ण करणं, हे सगळं आहेच, पण आमच्या विषयाचा गाभा म्हणाल तर तो संदर्भ सेवा, म्हणजे वाचकाला हवं ते शोधायला मदत करणं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. बी.लिब.ला आम्ही सगळेच तो पाठ करतो. पण वाचकाचा वेळ वाचवायचा तर वाचकाशी बोलावं लागतं, टेबलाशी खुर्ची ओढून बसवावं लागतं, आणि नेमकं हे बोलणंच आमच्या भागात होत नाही, कारण वाचक येतो तो टॉपिक घेऊन आणि आपण त्याला कपाट दाखवून मोकळे होतो.

मागे मे महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एक जिल्हा परिषद शिक्षिका आल्या होत्या. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन झालेलं, शाळेला सुट्टी, म्हणून नातेवाइकांकडे मुक्काम टाकून आलेल्या. कूलर घरघरत होता, त्याच्यापुढे बसून त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. त्यावर लिहिलेलं, आदिवासी विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास. "मॅडम, यावर पुस्तकं पाहिजे होती. जितके असतील तितके."

मी म्हटलं, ताई, पुस्तकं देते, पण आधी मला सांगा तुमच्या वर्गात काय होतं?

त्या जरा थांबल्या. कदाचित हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाल्या, "पोरं पहिलीला येता ना मॅडम, घरी सगळं पावरी. मी बोलते मराठी. दिवाळीपर्यंत तोंडच उघडत नाही पोरं. ते हुशार असता हो, बकऱ्या मोजता, बाजारात हिशोब करता, पण वाचायला बसवलं की मान खाली. आणि रिपोर्टमध्ये आपल्याला लिहावं लागतं की मागे आहे."

झालं. इथं खरा विषय सापडला. कोणता समाज, कोणती इयत्ता, कोणतं कौशल्य, कोणती अडचण, सगळं त्या चार वाक्यांत होतं आणि कागदावरच्या टॉपिकात यातलं एकही नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून तो प्रश्न वहीत लिहिला: घरी पावरी बोलणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलांना सुरुवातीला पावरीचा आधार दिला तर त्यांच्या मराठी वाचनात फरक पडतो का? माझ्या मते संदर्भ सेवेतलं निम्मं काम इथं संपतं. नंतरचं निम्मं म्हणजे कुठं बघायचं ते, आणि ते शिकवता येतं.

आधी आपलीच कपाटं बघू. पुस्तकांना विषयवार नंबर देणाऱ्या ड्युई वर्गीकरणात शिक्षणाचा नंबर ३७०, त्यातही शैक्षणिक मानसशास्त्र ३७०.१५, प्राथमिक शिक्षण ३७२, उच्च शिक्षण ३७८, धोरण ३७९. बी.एड.ची मुलं ३७० च्या कपाटासमोर उभी राहतात आणि तिथूनच परत जातात. पण ताईंचा प्रश्न एका कपाटात मावणारा नव्हता, द्विभाषिकतेची पुस्तकं ४०४ ला, भाषा आणि समाज ३०६ ला, आदिवासी समाजांबद्दलचं ३०५ ला, म्हणजे लायब्ररीच्या तीन कोपऱ्यांत. शिक्षणशास्त्र हा विषयच असा आहे की तो मानसशास्त्र, समाजशास्त्र, भाषा, अर्थशास्त्र सगळ्यांच्या घरी जेवतो, त्यामुळे एकाच कपाटावर विसंबलं की अर्धं साहित्य हातचं जातं.

मग येतात संदर्भग्रंथ, जे इश्यू होत नाहीत म्हणून कुणी हातच लावत नाही. हुसेन आणि पोस्टलथ्वेट यांनी संपादित केलेला शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय विश्वकोश १९८५ चा, दहा खंडांचा, नंतर त्याच्या नव्या आवृत्त्याही आल्या. त्यातला एक लेख वाचला की त्या विषयातली महत्त्वाची नावं आणि वाद कळतात, मग पुढचं वाचन आंधळं राहत नाही. मराठी विश्वकोश तर ऑनलाइन फुकट आहे, संकल्पना मराठीत नीट समजून घ्यायला आधी तिथं जावं असं मी सगळ्यांना सांगते. आणि भारतातल्या संशोधनासाठी ज्याला तोड नाही ते म्हणजे बडोद्याच्या एम. बी. बुच यांनी सुरू केलेलं शैक्षणिक संशोधनाचं सर्वेक्षण. पहिला खंड १९७४ चा, नंतर एनसीईआरटीने ते काम पुढे नेलं. जाडजूड खंड, आत विषयवार प्रबंधांचे सारांश. जुन्या कॉलेजात हे खंड असतातच, बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या फळीवर असतात. शिडी मागा.

आता एरिकबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण शिक्षणशास्त्रात काम करायचं आणि एरिक माहीत नसायचं हे मला खरंच सहन होत नाही. एरिक ही अमेरिकेच्या शिक्षण विभागाची शिक्षणविषयक साहित्याची सूची, १९६० च्या दशकापासून चालू आहे, पंधरा लाखांच्या वर नोंदी. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, मोबाईलला रेंज असेल तर धडगावातूनही उघडते. गुगलमध्ये टाकतो तसं तिथं वाक्य टाकलं तर कचराच येईल, त्यासाठी आधी त्यांच्या थिसॉरसमध्ये जायचं. प्रत्येक नोंदीला त्यांनी ठरावीक विषयशब्द लावलेले असतात. ताईंनी आधी 'ट्रायबल चिल्ड्रन प्रॉब्लेम' असं टाकलं होतं, काहीच हाती लागेना. मग आम्ही 'नेटिव्ह लँग्वेज इन्स्ट्रक्शन' हा त्यांचा शब्द धरला, त्याला 'इंडिजिनस पॉप्युलेशन्स' जोडला, इंडिया टाकलं आणि पडद्यावर कामाचं साहित्य दिसायला लागलं. ताई खुर्चीत पुढे सरकल्या आणि स्वतःच माऊस हातात घेतला.

नोंदींचे नंबर नीट बघायचे. ईडी अक्षरांनी सुरू होणारा नंबर म्हणजे अहवाल, परिषदेतले निबंध, सरकारी कागद, यांची पीडीएफ बऱ्याचदा तिथंच मिळते. ईजे म्हणजे नियतकालिकातला लेख, त्याचा बहुतेक वेळा फक्त सारांश असतो, पूर्ण लेख दुसरीकडे शोधावा लागतो. तिथं फिल्टर असतात, पूर्ण मजकूर उपलब्ध असलेलंच दाखव असं सांगता येतं, तज्ज्ञांनी तपासलेलंच दाखव असंही सांगता येतं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या खर्चकपातीची झळ या सूचीलाही लागली, म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, कामाची पीडीएफ दिसली की लगेच उतरवून ठेवा, नंतर बघू म्हणू नका. आणि हेही लक्षात ठेवायचं की एरिकचं तोंड मुळात अमेरिकेकडे आहे, आपल्याकडचं तिथं थोडंच सापडणार.

पण त्या थोड्यातूनच वाट सापडते. एका लेखाच्या संदर्भयादीतून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, आणि गुगल स्कॉलरमध्ये त्या लेखाखाली 'सायटेड बाय' वर टिचकी मारली की त्यानंतर कुणी कुणी त्याचा आधार घेतला ते दिसतं. असं मागे-पुढे चालत चालत आम्ही आंध्र प्रदेशात २००४ मध्ये आठ आदिवासी भाषांतून सुरू झालेल्या बहुभाषिक शिक्षणापाशी पोचलो, मग ओडिशापाशी, तिथं दहा भाषांतून २००७ च्या सुमारास असंच काम सुरू झालेलं. ताई म्हणाल्या, "म्हणजे हे कुणीतरी करून बघितलंय?" हो ताई, बघितलंय, आणि चॅप्टर दोन लिहायचा तो यासाठीच.

एनसीईआरटीच्या इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू आणि जर्नल ऑफ इंडियन एज्युकेशनचे अंक त्यांच्या साईटवर फुकट आहेत. मराठीत जीवन शिक्षण, पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं शिक्षण आणि समाज, शैक्षणिक संदर्भ, यांचे जुने अंक कुठे बाइंडिंग केलेले सापडले तर सोडू नका, वर्गातले अनुभव इंग्रजी जर्नलपेक्षा तिथं जास्त भेटतात.

शोधगंगा आता सगळ्यांना माहीत झालीय. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या नेटवर्कने ते लाखोंनी प्रबंध शोधगंगेच्या साईटवर एका ठिकाणी आणले. पण आपल्याकडची पोरं तिथं मराठीत शब्द टाकतात आणि काही येत नाही म्हणून बंद करतात. त्याचं कारण असं की जुने मराठी प्रबंध बऱ्याचदा युनिकोड यायच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेले असतात नाहीतर नुसते स्कॅन केलेले, त्यामुळे आतला मजकूर मशीनला वाचताच येत नाही. मग काय करायचं, तर आधी विद्यापीठ निवडायचं, मग विभाग, आणि शीर्षकांची यादी डोळ्याखालून घालायची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची शिक्षणशास्त्राची यादी अशी एका बैठकीत बघून होते. विद्यापीठ १९९० चं, त्याआधीचं आपल्या भागातलं काम पुणे विद्यापीठाखाली शोधावं लागतं, हे नव्या मुलांच्या लक्षातच येत नाही. आणि एक विनंती, प्रबंध उघडला की चॅप्टर दोन कॉपी करायला जाऊ नका, शेवटचा चॅप्टर वाचा, तिथं पुढील संशोधनासाठी शिफारशी असतात, तुमचा प्रश्न कुणीतरी तिथं सोडून गेलेला असू शकतो.

आकडेवारीत तर आपला खानदेश पहिल्या पानावर आहे, अगदी शब्दशः. यूडायसमध्ये, म्हणजे देशातल्या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात, महाराष्ट्राचा कोड २७, आणि जिल्ह्यांत ०१ नंदुरबार, ०२ धुळे, ०३ जळगाव. शाळांचा पट, शिक्षक, शौचालय, वीज, सगळं तिथून मिळतं. मुलांना वाचता येतं का, हे मात्र यूडायस सांगत नाही, त्याला असरचे अहवाल लागतात. प्रथम या संस्थेने २००५ मध्ये हे सर्वेक्षण सुरू केलं, प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं, घरी जाऊन मुलाला अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. ताई ते साधन हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, गोष्ट तर मराठीत आहे." बरोबर. पावरी पोराचा आकडा वाचताना तो कोणत्या भाषेतल्या वाचनाचा आकडा आहे ते आधी लिहा, असं मी म्हटलं, हे एक वाक्य चॅप्टर दोनमध्ये आलं तरी परीक्षक मान डोलावेल.

जनगणनेत २०११ ला नंदुरबारची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यात कमी, हे सगळे लिहितात. पण त्याच जनगणनेतली मातृभाषांची सारणी कुणी उघडत नाही. तिथं पावरी शोधायची तर भिली-भिलोडीच्या गटाखाली जावं लागतं आणि अहिराणी खानदेशी या नावाखाली मोजलीय, मराठीखाली शोधत बसलात तर दोन्ही सापडणार नाहीत. आणि वर्षांची तुलना करताना जपून, नंदुरबार जिल्हा १९९८ ला झाला, त्याआधीचे त्याचे आकडे धुळ्यात मिसळलेले आहेत, तालुक्यावार बेरीज केल्याशिवाय १९९१ ची २००१ शी तुलना होतच नाही. छापून आलेल्या लेखांतही ही तुलना सरसकट केलेली दिसते.

ज्यांना इतिहासात जायचंय त्यांना तर खानदेशात खजिना आहे. १८८० चं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, बारावा खंड पूर्ण खानदेशावर, त्यात शिक्षणावर वेगळं प्रकरण आहे, शाळा किती, मुली किती, कोणत्या समाजाची मुलं शाळेत आहेत, वाचनालयं कुठं. राज्य सरकारने ते ऑनलाइन टाकलंय. मी जेव्हा पहिल्यांदा ते प्रकरण वाचलं तेव्हा रात्री जेवण विसरून बसले होते. जुन्या इंग्रजी कागदांत खानदेशचं स्पेलिंग कधीकधी सी पासून सुरू होतं आणि धुळ्याचं धुलिया असतं, १९०६ नंतर पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे होतात, ही सगळी रूपं टाकून बघितल्याशिवाय 'काही मिळालं नाही' असं म्हणू नये. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग, १९०७ चा, तो तर भिली आणि खानदेशी भाषांवरच आहे. आणि कधी धुळ्याला गेलात तर राजवाडे संशोधन मंडळात नक्की जा, इतिहासाचार्यांच्या पश्चात लोकांनी उभं केलेलं ते ठिकाण आहे, तिथं बसून कागद वाचण्याचं समाधान कुठल्याही साईटवर मिळत नाही.

पैसे मागणाऱ्या लेखांचं काय, हे सगळे विचारतात. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नल्सची वर्गणी सगळ्या संस्थांसाठी एकत्र भरायची योजना केंद्राने नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३००० जर्नल्स. पण पहिल्या टप्प्यात सरकारी विद्यापीठं आणि संस्था आहेत, आपली बरीचशी बी.एड. कॉलेजं त्यात बसत नाहीत. त्यामुळे ज्यांचं पीएच.डी. रजिस्ट्रेशन विद्यापीठात आहे त्यांनी तिथल्या ग्रंथालयात जाऊन आपल्याला काय काय उघडतं ते विचारावं, लाजू नये, हा त्यांचा हक्क आहे. बाकीच्यांना लेखाची फुकट प्रत शोधून देणारं अनपेवॉल आहे, फुकट वाचता येणाऱ्या जर्नल्सची यादी असलेलं डीओएजे आहे, जर्नल्सचा मोठा संग्रह असलेल्या जेस्टोरचं फुकट खातं आहे, आणि लेखकाला साधा ईमेल केला तर खूप जण प्रत पाठवतात, हा माझा अनुभव आहे. मात्र 'सात दिवसांत पेपर छापून देतो' असं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं त्यांच्या नादी लागू नका. यूजीसीने २०२५ च्या सुरुवातीला मान्य जर्नल्सची केअर लिस्ट बंद केली, तेव्हापासून जर्नल चांगलं की वाईट हे आपल्यालाच ठरवायचंय, अशा वेळी ग्रंथपालाला विचारा, संपादक मंडळ कसं तपासायचं ते तो दाखवेल.

तो दाखवेल, असं मी लिहिते खरी, पण तो जागेवर असायला हवा ना. किती कॉलेजांत ग्रंथपालाचं पद रिकामं आहे आणि चावी शिपायाकडे आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाने बघितलंय. इमारतीला रंग देतात, कॉम्प्युटर आणतात, पण त्या कॉम्प्युटरशेजारी बसून 'तुमच्या वर्गात काय होतं' असं विचारणारं माणूस नेमत नाहीत. मला फार मनापासून वाटतं की प्रत्येक बी.एड., एम.एड. कॉलेजच्या टाईमटेबलमध्ये आठवड्याला निदान एक तास रेफरन्सचा असावा, छापील टाईमटेबलमध्ये, विषयाच्या तासासारखा. त्या तासाला विद्यार्थ्याने आपला प्रश्न आणायचा, ग्रंथपालाने शेजारी बसायचं, शोध विद्यार्थ्याने करायचा. याला अनुदान लागत नाही, जीआर लागत नाही, प्राचार्यांनी ठरवलं तर सोमवारपासून होतं.

येताना काय आणायचं तेही सांगते. तुमचा प्रश्न दोन ओळींत, आपल्या भाषेत, अहिराणीत लिहिला तरी चालेल. आतापर्यंत कुठं कुठं शोधलं आणि कोणते शब्द टाकले, ते एका वहीत तारखेसह. अर्धवट संदर्भ असेल तर तोही, नुसतं आडनाव आणि साल असलं तरी पुढचं शोधता येतं. आणि झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर मोबाईलवर नको, लॅपटॉपवर टाकून आणा, फुकट आहे, संदर्भयादी ते स्वतः लावतं, सबमिशनच्या आदल्या रात्रीचं रडणं वाचतं.

ताईंचा चॅप्टर दोन अजून चालू आहे. आंध्र आणि ओडिशाचं काम वाचून झालंय, आश्रमशाळांवरचे काही प्रबंध वाचून झालेत, पावरी मुलांच्या सुरुवातीच्या वाचनावर थेट काम मात्र आमच्या शोधात अजून आलेलं नाही. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं ग्रंथालय बघायचं राहिलंय, तिथल्या अहवालांसाठी आम्ही पत्र तयार केलंय, गाईडची सही झाली की ते जाईल. आणि गेल्या आठवड्यात ताईंच्या शाळेतले दुसरे सर मला फोन करून विचारत होते, मॅडम, गणितासाठी पण असं काही शोधून मिळतं का. त्यांना म्हटलं, मिळतं सर, शनिवारी या, पण पोरं कुठं अडतात तेवढं लिहून आणा.